हातगाडीची वाट आणि उन्हाळ्याचा एक आठवडा

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे. नोकरीनिमित्त काही वर्षांपासून अमेरिकेत, युटा राज्यातील लेही येथे राहतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिची सर्वांत जवळची मैत्रीण शेजारच्याच मॉर्मन कुटुंबातील आहे. येत्या जूनमध्ये त्यांच्या चर्चची मुलेमुली वायोमिंगच्या माळरानावर चार दिवस हातगाड्या ओढत चालणार आहेत. जुन्या काळचे कपडे घालायचे आणि फोन घरी ठेवायचा, असे ठरले आहे. त्यांनी माझ्या मुलीलाही बोलावले असून ती जाण्यासाठी हटून बसली आहे. यजमानांना वाटते की यात धर्मांतराचा हेतू असेल, मला काळजी वाटते ती उन्हाची आणि तिच्या प्रकृतीची. सासूबाई मात्र म्हणतात, ‘आपल्याकडे पोरेसोरे वारीला चालत जात नाहीत का? जाऊ दे तिला.’ आम्ही काय करावे?
(एक आई, लेही, युटा)

उत्तर : ताई, माझे मत आधीच सांगते. मुलीला अवश्य पाठवा. मात्र पाठवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या आणि मुलीची थोडी तयारी करून घ्या, कारण हा प्रवास सहलीसारखा दिसत असला तरी अंगाचा आणि मनाचा कस पाहणारा आहे.

लोक ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात त्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाच्या सुमारे तीन हजार अनुयायांनी १८५६ ते १८६० या काळात आपले सामान हातगाड्यांवर लादून अमेरिकेचे मैदानी प्रदेश पायी ओलांडले. त्यांच्या स्मरणार्थ या पंथाचे स्थानिक विभाग, ज्यांना ते ‘स्टेक’ म्हणतात, साधारणपणे दर चार वर्षांनी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना अशा प्रवासाला नेतात आणि त्याला नुसते ‘ट्रेक’ म्हणतात. मुलांची आठ-दहा जणांची ‘कुटुंबे’ केली जातात. प्रत्येक कुटुंबाला एक विवाहित जोडपे ‘मा’ आणि ‘पा’ म्हणून दिले जाते, आणि ते कुटुंब एक गाडी ओढते. मुली घोळदार झगे आणि झालरीच्या बांधायच्या टोप्या घालतात, मुले लांब बाह्यांचे सदरे आणि गॅलिस लावलेल्या विजारी घालतात. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाचे सगळे सामान पाच गॅलनच्या एका प्लॅस्टिकच्या बादलीत बसवावे लागते. ती बादली मुक्कामावर पालथी घातली की तिचेच बसायला आसन होते. त्या काळी मोठ्या माणसाला फक्त सतरा पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास, सामान नेण्याची मुभा होती, आणि ही बादली भरताना मुलांना त्याची पहिली जाणीव होते. पुष्कळदा प्रत्येक मुलाला त्या वाटेने खरोखर गेलेल्या एका व्यक्तीचे नाव लिहिलेली चिठ्ठी दिली जाते, आणि ती व्यक्ती पोहोचली की वाटेतच गेली हे त्याला शेवटच्या दिवशी कळते.

यजमानांची शंका अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. हा प्रवास चर्चचा आहे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होतील, स्तोत्रे म्हटली जातील, आणि एका रात्री मुले उभी राहून आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलतील. त्या वेळी पुष्कळांचे डोळे भरून येतात, आणि तुमची मुलगीही हेलावून जाईल अशी शक्यता गृहीत धरा. तसे झाले तर त्यात वावगे काही नाही. मात्र अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा पालकांच्या संमतीवाचून करता येत नाही, हा त्या चर्चचा स्वतःचाच नियम आहे, हे यजमानांना सांगा. मुलीशीही जाण्यापूर्वी बसून बोला. प्रार्थनेच्या वेळी इतरांबरोबर शांत उभे राहणे हा शिष्टाचार आहे, परंतु जे शब्द आपल्या मनात नाहीत ते उच्चारण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, आणि कोणी आग्रह धरलाच तर ‘मी पाहुणी आहे’ एवढे नम्रपणे सांगितले की पुरते. शेजाऱ्यांशी हा विषय आडून न काढता थेट काढा. माझा अनुभव असा आहे की ही माणसे अशा प्रश्नाने दुखावत नाहीत, उलट पालकांनी विचारल्याचा त्यांना आदरच वाटतो.

प्रकृतीच्या बाबतीत तुमची काळजी अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. मध्य वायोमिंगमधील ही वाट समुद्रसपाटीपासून सुमारे सहा ते सात हजार फूट उंचीवर आहे. दुपारी ऊन भाजून काढते, सावलीला झाड नसते, वारा दिवसभर वाहत असल्याने घाम आलेला कळत नाही, आणि रात्री जूनमध्येही कडाक्याची थंडी पडू शकते. तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी आणि क्षार घेणे हा येथील पहिला नियम. आयोजकांना विचारा की पाण्याची गाडी तांड्याबरोबर असेल का, डॉक्टर किंवा परिचारिका सोबत आहे का, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, आणि ऊन फार वाढले किंवा विजा कडाडू लागल्या तर चालणे थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने मिळाले पाहिजे. ‘आम्ही सगळे मिळून ठरवू’ असे उत्तर आले, तर समजा की ते अजून ठरलेले नाही. संमतिपत्राबरोबर प्रकृतीची माहिती भरून घेतात, तेथे दमा, ॲलर्जी, नेहमीची औषधे हे सगळे न लाजता लिहा. तुमच्या घरी मांसाहार चालत नसेल तर तेही दोन महिने आधी स्वयंपाकाच्या गटाला कळवा, कारण तेथील जेवण बहुधा मोठ्या भांड्यात शिजवलेला मांसाचा रस्सा आणि पाव असे असते, आणि आयत्या वेळी सांगितले तर मुलीला चार दिवस पाव आणि बटाट्यांवर काढावे लागतील.

पायांसाठी नवे बूट अजिबात नकोत. दीड-दोन महिने वापरून मऊ झालेले बूट, आत पातळ आणि वर लोकरीचा असे मोज्यांचे दोन थर, आणि जाण्यापूर्वीचे काही शनिवार-रविवार चढावर चालण्याचा सराव एवढे केले तरी फोड येण्याचा त्रास बराच कमी होतो. झगा घोट्याच्या वरच ठेवा, कारण लांब घेर चाकात अडकतो किंवा पायात येतो. उतारावर भरलेली गाडी ओढणाऱ्यांच्या अंगावर येते आणि तेव्हा मागून दोर धरून तिला आवरावे लागते. त्या क्षणी चाकाजवळ पाय न ठेवण्याची शिस्त मुलीला आधीच समजावून सांगा. मासिक पाळीचे साहित्य, पाळीची तारीख नसली तरी, बादलीत असू द्या.

सासूबाईंची तुलना मला आवडली आणि ती बऱ्याच अंशी लागू पडते. दिंडीतही माणसे एकमेकांच्या आधाराने चालतात, ओळख नसलेल्यांचे एक कुटुंब होते, आणि चालणे हीच उपासना मानली जाते. परंतु वारकरी आपल्या विठोबाला भेटायला निघालेला असतो आणि त्याची वारी आजचीच असते. ट्रेकमधली मुले मात्र पूर्वी दुसऱ्या कोणी भोगलेल्या दुःखाच्या वाटेवर थोडे चालून पाहतात. म्हणून मुलीने निघण्यापूर्वी ते दुःख नेमके काय होते हे वाचलेले असावे, असा माझा आग्रह आहे. नाहीतर चार दिवसांच्या दमछाकीलाच ती इतिहास समजून बसेल.

प्रश्न : माझ्या नातवाने युटाहून अशा प्रवासाचे छायाचित्र पाठवले. मी पुण्यात तीस-पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, तरी मला या घटनेची माहिती नव्हती. बैलगाड्या उपलब्ध असताना माणसांनी हजार मैलांहून अधिक अंतर स्वतः गाड्या का ओढल्या? त्यात अनेक जण मेले असे नातू सांगतो. त्याला जबाबदार कोण होते?
(एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : गुरुजी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर गरिबी. या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी १८४६ च्या फेब्रुवारीत नॉवू हे आपले शहर सोडले, आणि त्यांची पहिली तुकडी १८४७ च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. पुढे ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून गिरणी कामगार, खाणकामगार, विधवा, लेकुरवाळ्या बायका असे हजारो नवे अनुयायी तेथे येऊ इच्छीत होते, परंतु बैलजोडी आणि झाकलेली मोठी गाडी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्यांच्यासाठी १८४९ मध्ये एक कर्जनिधी उभारला होता. त्यावर आधीच ताण होता, आणि १८५५ मध्ये युटात टोळधाडीने व अवर्षणाने पिके बुडाल्यावर त्या निधीची अवस्था बिकट झाली. तेव्हा यंग यांनी असा विचार मांडला की लोकांनी हातगाड्या ओढत यावे. बैलांचा खर्च वाचेल आणि वेगही अधिक राहील.

लिव्हरपूलहून जहाजाने न्यूयॉर्क किंवा बोस्टन, तेथून आगगाडीने आयोवा सिटी, आणि आयोवा सिटीपासून सॉल्ट लेकपर्यंत सुमारे तेराशे मैल, म्हणजे दोन हजार किलोमीटरांहून अधिक, पायी. साधारण पाच माणसांमागे एक गाडी आणि वीस जणांमागे एक गोल तंबू असे प्रमाण होते. जड सामानासाठी आणि तंबूंसाठी प्रत्येक तुकडीबरोबर थोड्या बैलगाड्याही असत. हातगाडी म्हणजे दोन चाके, मध्ये उथळ पेटी आणि पुढे ओढण्यासाठी आडवी दांडी. घाई आणि काटकसर यांमुळे पहिल्या वर्षीच्या, म्हणजे १८५६ च्या, अनेक गाड्या ओल्या लाकडाच्या बनवल्या गेल्या आणि कित्येकांच्या कण्याला लोखंडाचे आवरणही नव्हते. कोरड्या हवेत लाकूड आकसले की आरे ढिले पडत, आणि वाळू आत शिरून कणा झिजत जाई. वंगण संपल्यावर लोकांनी आपल्या वाट्याचे खारवलेले डुकराचे मांस आणि साबण कण्याला लावला. बैलगाडी वापरलेल्या आपल्या शेतकऱ्याला या गाड्यांतला दोष पहिल्याच दिवशी दिसला असता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण ट्रेकच्या भरात ती विसरली जाते. ही योजना मुळातच अशक्य होती असे नाही. एकूण दहा तुकड्या आल्या आणि त्यांतील आठ तुकड्या कष्टाने, परंतु मोठा अनर्थ न होता पोहोचल्या. १८५६ च्या पहिल्या दोन तुकड्या २६ सप्टेंबरला, म्हणजे बर्फ पडण्यापूर्वी, सॉल्ट लेकमध्ये दाखल झाल्या. अनर्थ झाला तो त्या वर्षीच्या शेवटच्या दोन तुकड्यांचा. जेम्स विली यांची तुकडी १५ जुलैला आणि एडवर्ड मार्टिन यांची तुकडी २८ जुलैला आयोवा सिटीहून निघाली. इंग्लंडहून जहाजेच उशिरा सुटली होती आणि आयोवा सिटीत गाड्या तयार नव्हत्या.

आजच्या ओमाहाजवळच्या फ्लॉरेन्स येथे विली तुकडी ऑगस्टमध्ये थांबली तेव्हा पुढे जावे की तेथेच हिवाळा काढावा यावर सभा झाली. लीव्हाय सॅव्हेज नावाच्या एका अनुभवी माणसाने उभे राहून स्पष्ट सांगितले की इतक्या उशिरा लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन निघालो तर अनेकांचे बळी जातील. सांगताना त्याला रडू आवरले नाही. बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने पडले. तेव्हा सॅव्हेज म्हणाला की मी बोललो ते खरे आहे हे मला ठाऊक आहे, तरी तुम्ही जाणारच असाल तर मीही येईन, तुमच्याबरोबर राबेन आणि वेळ आली तर तुमच्याबरोबर मरेन. तो गेला, आणि जगला. या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस हाच आहे, आणि ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आज्ञाधारकपणाच्या कथांबरोबर याची कथाही तितक्याच आदराने सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

पुढचे सगळे एकात एक गुंतत गेले. फ्लॉरेन्सला प्रत्येक गाडीवर पिठाचे सुमारे शंभर पौंडांचे पोते वाढवले गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला नेब्रास्कात विली तुकडीचे तीसेक बैल उधळून नाहीसे झाले, आणि बैलगाड्यांचा भार पुन्हा हातगाड्यांवर आला. लारामी किल्ल्यावर अपेक्षित शिधा मिळाला नाही आणि रोजचे माणशी एक पौंड पीठ पाऊण पौंडांवर आले. मार्टिन तुकडीने तर अशक्त झालेल्या लोकांचे ओझे हलके करण्यासाठी १७ ऑक्टोबरला डियर क्रीक येथे पांघरुणे आणि जास्तीचे कपडे टाकून दिले, आणि दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, आजच्या कॅस्परजवळ नॉर्थ प्लॅट नदीच्या बर्फगार पाण्यातून ती पलीकडे जात असताना हिवाळ्याचे पहिले वादळ येऊन थडकले. त्याच दिवशी विली तुकडीतील शेवटचे पीठ वाटले गेले.

या लोकांची बातमी सॉल्ट लेकला ४ ऑक्टोबरला पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी यंग यांनी भर सभेत उपदेश बाजूला ठेवून गाड्या, खेचरे, पीठ आणि गाडीवान मागितले, आणि ७ तारखेला पहिल्या मदतगाड्या निघाल्याही. विली स्वतः एका सोबत्याला घेऊन वादळातून त्यांना शोधायला गेले आणि २१ ऑक्टोबरला मदत त्यांच्या लोकांपर्यंत पोहोचली. तरीही २३ ऑक्टोबरला रॉकी रिज नावाचा उघडा खडकाळ चढ बर्फात चढताना इतके हाल झाले की दुसऱ्या दिवशी रॉक क्रीक येथे तेरा जणांना एकाच कबरीत पुरावे लागले आणि आणखी दोघे लगोलग गेले. मार्टिन तुकडी नोव्हेंबरच्या सुरुवातीला डेव्हिल्स गेटजवळच्या डोंगराच्या आडोशाला काही दिवस थांबली. तीच जागा आता मार्टिन्स कोव्ह म्हणून ओळखली जाते. विलींचे लोक ९ नोव्हेंबरला आणि मार्टिनचे ३० नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोहोचले. दोन्ही तुकड्या मिळून सुमारे हजार माणसे होती, त्यांतील दोनशेहून अधिक वाटेत गेली आणि कित्येकांची बोटे व पाय हिमदंशाने कापावे लागले.

जबाबदारीविषयी विचाराल तर यंग यांनी तुकड्यांना उशिरा निघू देणाऱ्या अधिकाऱ्यांना जाहीर बोल लावला आणि तो योग्यच होता. परंतु योजना त्यांची होती, काटकसरीचा रेटा त्यांचा होता, आणि वाटेवर धान्याचा साठा ठेवण्याची व्यवस्था अपुरी होती, हेही खरे आहे. अनेक माणसांनी आपापल्या जागी थोडी थोडी चूक केली आणि तिची किंमत ज्यांनी चुकवली त्यांच्या हाती निर्णयाची सूत्रे नव्हती. इतिहासाच्या शिक्षकाला हे काही नवीन नाही.

नातवाशी बोलताना आणखी एका कथेकडे लक्ष द्या. मार्टिन तुकडीला स्वीटवॉटर नदी ओलांडायची होती तेव्हा तीन तरुणांनी जवळजवळ सर्वांना उचलून पलीकडे नेले आणि त्यातून जडलेल्या दुखण्याने ते तिघेही पुढे वारले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. चर्चच्याच इतिहासतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की मदत करणारे तिघांहून अधिक होते, पुष्कळ लोक स्वतःच्या पायांनी किंवा गाड्यांतून पार झाले, आणि ते तरुण त्यानंतर कित्येक वर्षे जगले. गोठलेल्या नदीत तासन्‌तास उभे राहून अनोळखी माणसांना खांद्यावर घेणाऱ्यांचा मोठेपणा सिद्ध करायला मरणाची जोड लागत नाही.

तसेच अनेक ट्रेकमध्ये एका चढावर मुलग्यांना बाजूला काढतात आणि गाड्या फक्त मुली ओढतात. १८४६ मध्ये सुमारे पाचशे पुरुष मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले, त्याची ही आठवण आहे असे मुलांना सांगितले जाते. ती घटना हातगाड्यांच्या दहा वर्षे आधीची आहे. हातगाड्यांच्या तांड्यांत विधवा आणि एकट्या बायका पुष्कळ होत्या आणि त्यांनी खरोखर शेकडो मैल गाड्या ओढल्या, म्हणून मुलींच्या त्या चढाला खरा आधार आहेच. तो योग्य घटनेशी जोडावा एवढीच माझी अपेक्षा आहे. आणि १८४७ ते १८६९ या काळात युटाकडे आलेल्या साठ-सत्तर हजार लोकांत हातगाडीवाले जेमतेम तीन हजार होते, हेही नातवाला सांगा. १८६१ पासून युटाहूनच बैलगाड्या पाठवून लोकांना आणले जाऊ लागले, आणि १८६९ मध्ये लोहमार्ग पूर्ण झाल्यावर पायी येण्याचे कारणच उरले नाही.

प्रश्न : या इतिहासाशी आपल्या देशाचा काही संबंध आहे का? आमच्या मुलाला ट्रेकमध्ये एखाद्या प्रवाशाचे नाव निवडायचे आहे.
(एक वडील, सॉल्ट लेक सिटी)

उत्तर : आहे, आणि तो बहुतेक मराठी कुटुंबांना ठाऊक नसतो. विली तुकडीत एलिझाबेथ झेवियर टेट नावाची तरुण स्त्री होती. तिचा जन्म मुंबईतला. ब्रिटिश फौजेतील विल्यम टेट या सैनिकाशी तिचे लग्न झाले होते. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या त्या बाईने वायोमिंगचा तो ऑक्टोबर पायी काढला आणि पुढे हे दांपत्य दक्षिण युटातील सीडर सिटी येथे स्थायिक झाले. ती मुंबईहून या पंथात कशी आली, असा प्रश्न पडेल. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश धर्मप्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि त्याने मुंबईत व पुण्यात १८५५ पर्यंत काम केले. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध असूनही पुण्यात सैनिकांमध्ये त्याने एक लहानशी शाखा उभी केली. मराठी लोकांना उद्देशून लिहिलेली त्याची एक पुस्तिकाही मुंबईत छापली गेली. आपल्या लोकांवर तिचा काही प्रभाव पडला नाही, परंतु पुण्याच्या छावणीचा आणि युटाचा धागा त्या काळात जुळलेला होता एवढे निश्चित. ज्या लीव्हाय सॅव्हेजविषयी वर लिहिले, तोही फ्लॉरेन्सच्या सभेपूर्वी कलकत्त्यात आणि ब्रह्मदेशात धर्मप्रचारासाठी राहून परतीच्या वाटेवर होता. मुलाने या दोघांपैकी कोणाचेही नाव घ्यावे. माझे विचाराल तर एलिझाबेथचे घ्यावे. तांड्यात तिच्या नावाची चिठ्ठी क्वचितच कोणाच्या हाती येत असेल.

प्रश्न : आम्ही दोघे नाशिकहून मुलीकडे युटाला जात आहोत. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जावयांना सुटी असून नातवंडांसह सर्वांनी मिळून हा हातगाड्यांचा मार्ग मोटारीने पाहावा असे त्यांच्या मनात आहे. आम्हाला झेपेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : बेताने आखला तर झेपेल. २४ जुलैला ब्रिगहॅम यंग खोऱ्यात पोहोचल्याचा दिवस म्हणून युटात सार्वजनिक सुटी असते आणि सॉल्ट लेकमध्ये मोठी मिरवणूक निघते. तिच्यासाठी लोक आदल्या रात्रीपासून पदपथावर जागा धरतात, म्हणून आपण दोघांनी ती घरी दूरचित्रवाणीवर पाहावी आणि शहराच्या पूर्वेकडील ‘धिस इज द प्लेस’ हा वारसा उद्यानाचा परिसर गर्दी ओसरल्यावर पाहावा. प्रवासाला २५ तारखेनंतर निघा.

सॉल्ट लेकहून मार्टिन्स कोव्हपर्यंत मोटारीने पाच तासांच्या आसपास लागतात. एका दिवसात जाऊन येण्याचा मोह टाळा. पहिल्या दिवशी फोर्ट ब्रिजरला थांबत, साउथ पास ओलांडून लँडरला मुक्काम करा. साउथ पास ही खिंड असली तरी जागेवर गेल्यावर विस्तीर्ण माळच दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फुटांवर इतकी सौम्य वाट सापडल्यामुळेच लाखो स्थलांतरितांच्या गाड्या रॉकी पर्वत ओलांडू शकल्या, हे नातवंडांना तेथेच दाखवता येते. रॉकी रिज आणि रॉक क्रीकच्या कच्च्या रस्त्यांवर आपण जाऊ नका. लँडरच्या वायव्येला विंड रिव्हर राखीव क्षेत्र आहे आणि तेथे ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या अमेरिकेतील मूळनिवासी जमातींचे लोक राहतात. ही सारी वाट ज्यांच्या शिकारीच्या आणि वावराच्या प्रदेशातून गेली, त्या लोकांविषयी मुलांना दोन शब्द सांगितल्यावाचून हा प्रवास अपुरा राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून, जेथे विली तुकडीला मदत मिळाली तो स्वीटवॉटर नदीचा सिक्स्थ क्रॉसिंग पाहा आणि ऊन चढण्यापूर्वी मार्टिन्स कोव्हला पोहोचा. तेथील माहिती केंद्र चर्चचे सेवाभावी, बहुधा आपल्याच वयाचे, निवृत्त दांपत्य चालवतात आणि पाहुण्यांना ओढून पाहण्यासाठी हातगाड्या विनाशुल्क देतात. नातवंडांनी गाडी घेऊन कोव्हपर्यंत जावे. आपण नदीकाठापर्यंत चालून, डेव्हिल्स गेटची खडकातली उभी फट पाहून परत यावे, कारण पूर्ण वाट काही मैलांची आणि सावलीविना आहे. तेथून जवळच इंडिपेंडन्स रॉक हा ग्रॅनाइटचा प्रचंड खडक आहे. त्यावर स्थलांतरितांनी कोरलेली नावे अजून वाचता येतात. वर चढण्याची जबाबदारी जावयांवर आणि मुलांवर सोपवून आपण पायथ्याशी हिंडा, तेथेही नावे सापडतात. मुक्काम कॅस्परला करा. तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गांचे संग्रहालय वातानुकूलित आहे, आणि दुपारचे ऊन टाळून तेथे दोन तास निवांत घालवता येतील.

रक्तदाबाची औषधे घेत असाल तर या उंचीविषयी निघण्यापूर्वी नाशिकच्या आपल्या डॉक्टरांशी बोला. लँडर आणि कॅस्पर यांच्या दरम्यान पेट्रोल पंप फारच थोडे आहेत आणि बऱ्याच पट्ट्यात फोन लागत नाही, म्हणून लँडरलाच टाकी पूर्ण भरून घ्या, माणशी तीन लिटर पाणी गाडीत ठेवा, आणि दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू घरूनच बांधून न्या. वाटेत आपल्याला रुचेल असे खाणे मिळण्याच्या भरवशावर राहू नका.